पाच की सहा? वसईच्या गोन्सालो गार्सियांच्या सणाचं प्रकरण

५ फेब्रुवारी १५९७, बुधवार. जपानमधल्या नागासाकीजवळ निशिझाका नावाच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारण्यात आलं. त्यांतले एक वसईचे होते, गोन्सालो गार्सिया. पुढे ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी या सगळ्यांना संतपद दिलं.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. घोळ सणाचा आहे. जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये जी उपासना दिनदर्शिका चालते, तिच्यात ५ फेब्रुवारीला गोन्सालो सापडत नाहीत. ६ फेब्रुवारीला सापडतात, पण नावानिशी नाही. तिथे छापलेलं असतं ‘संत पॉल मिकी आणि सोबती, हुतात्मे’. वसईचा माणूस त्या ‘सोबती’ शब्दात गुंडाळलेला आहे.

मरण पाचला आणि सण सहाला, हे कसं? सव्वीस जणांत हेच नाव पुढे का आलं? आणि ज्या गावचा माणूस, त्या गावाने आपला सण नेमका कोणत्या दिवशी आणि कोणाच्या नावाने करायचा?

पाच तारीख आधीच गेलेली

संताचा सण शक्यतो त्याच्या मरणाच्या दिवशी धरायचा, ही चर्चची जुनी रीत आहे. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. तुकाराम बीज काय किंवा आळंदीचा समाधी सोहळा काय, आपल्याकडेही संत आठवले जातात ते देह ठेवल्याच्या तिथीला. चर्चचा विचारही त्याच अंगाने जातो. माणूस स्वर्गात जन्मला तो दिवस मोठा, पृथ्वीवर जन्मला तो नव्हे. मारिया, योहान बाप्तिस्ता असे मोजकेच अपवाद आहेत.

म्हणजे गोन्सालोंना पाच फेब्रुवारी मिळायला हवी होती. पण ती शतकानुशतकं संत आगाथा यांची आहे. आगाथा सिसिलीतल्या कातानिया शहराच्या. तिसऱ्या शतकात, रोमन सम्राट डेसियसच्या काळात त्यांचा छळ होऊन अंत झाला. रोमच्या मिस्सेतल्या, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतल्या, प्राचीन प्रार्थनेत ज्या थोड्या स्त्री संतांची नावं घेतली जातात, त्यांत त्यांचं नाव आहे. कातानियात आजही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या नावाने सारं शहर रस्त्यावर उतरतं. एवढ्या जुन्या मानकरणीला हलवून सोळाव्या शतकातल्या मंडळींना जागा करून देणं रोमला शक्यच नव्हतं.

सहा तारीखही मोकळी नव्हती. तिथे बायबलमधल्या संत पौलाचे सहकारी संत तीत होते. १९६९ मध्ये पोप पॉल सहावे यांनी दिनदर्शिकेची मोठी फेरमांडणी केली, तेव्हा तीत यांना तिमथीसोबत २६ जानेवारीला नेलं आणि सहा तारीख रिकामी झाली. त्या फेरमांडणीमागे एक हेतू असाही होता की दिनदर्शिका फार युरोपीय दिसते, तिच्यात बाकीचं जग दिसावं. मग युगांडाचे चार्ल्स ल्वांगा आणि सोबती आले, पेरूचे मार्टिन दे पोरेस आले, ओशनियात मारले गेलेले पीटर शानेल आले. जपानच्या वाट्याला ६ फेब्रुवारी आली. जपानची नोंद म्हटल्यावर डोक्यावर नाव जपानी हवं, म्हणून पॉल मिकी. तारखेचं कोडं इथे सुटतं. नावाचं अर्धंच सुटतं, कारण मिकींचं नाव पुढे येण्याची तयारी १९६९ च्या कितीतरी आधीपासून चालू होती. त्यासाठी जपानपर्यंत जावं लागतं.

वसई, मकाव, मनिला, क्योटो

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली. त्यानंतर वीसेक वर्षांनी गोन्सालोंचा जन्म. वडील पोर्तुगीज, आई इथली. शिक्षण वसईच्या किल्ल्यात, जेझुइट नावाच्या कॅथलिक धर्मसंघाच्या गुरूंकडे. किशोरवयातच ते जेझुइटांबरोबर जपानला गेले आणि तिथली भाषा अशी शिकले की थोड्याच काळात लोकांना धर्मशिक्षण देऊ लागले. आठेक वर्षं त्यांनी हे काम केलं. जेझुइट संघात घ्या, अशी विनंतीही केली. संघाने घेतलं नाही.

या नकाराशेजारी एक गोष्ट ठेवून पाहावी. पूर्वेकडच्या जेझुइट कामावर देखरेख करणारे आलेस्सांद्रो वालिन्यानो यांचं धोरण स्पष्ट होतं. जपानी तरुणांना संघात घ्यावं यासाठी ते आग्रही होते, तर भारतीय आणि मिश्र वंशाच्या तरुणांना घेण्याला त्यांचा विरोध होता. पॉल मिकी जपानी, सरदार घराण्यातले. ते जेझुइट झाले. गोन्सालो वसईचे, मिश्र रक्ताचे. ते बाहेर राहिले. पुढे दोघेही एकाच टेकडीवर, एकाच सकाळी मेले.

नकार मिळाल्यावर गोन्सालो व्यापारात पडले. बऱ्यापैकी जम बसला होता, असं सगळी चरित्रं सांगतात. पण मन तिथे रमलं नसावं, कारण फिरत फिरत मनिलाला पोचल्यावर त्यांनी फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाचं दार ठोठावलं आणि ते उघडलं. धर्मगुरू म्हणून नव्हे, ब्रदर म्हणून. म्हणजे मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार नाही, पडेल ते काम करायचं.

त्यांना खरं काम मिळालं ते भाषेमुळे. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे शरणागतीची मागणी केली होती. हिदेयोशी तेव्हा कोरियावर स्वारी करण्यात गुंतला होता आणि त्याची नजर आणखी पुढे जात होती. गव्हर्नरने वेळ काढण्यासाठी वकील पाठवले. १५९३ मध्ये ही कामगिरी फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांच्याकडे आली आणि त्यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून गेले ब्रदर गोन्सालो. हिदेयोशीच्या दरबारात स्पेनच्या वतीने जे जपानी शब्द उच्चारले गेले, ते वसईच्या माणसाच्या तोंडून.

वकिलातीचा हा मार्ग साधा नव्हता. १५८५ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी जपानचं काम फक्त जेझुइटांकडे ठेवण्याचा आदेश काढला होता. जेझुइट चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावमार्गे, पोर्तुगालच्या आश्रयाने येत. फ्रान्सिस्कन मनिलाहून, स्पेनच्या आश्रयाने. वकील म्हणून आल्यामुळे आदेशाला वळसा मिळाला, पण जेझुइटांना ते रुचलं नाही. शिवाय हिदेयोशीने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडायला सांगितलेलं होतं. जेझुइट तेव्हापासून आवाज न करता काम करत होते. फ्रान्सिस्कनांनी क्योटोत चर्च बांधलं, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढलं, उघडपणे अंगावर झगे घालून फिरू लागले. कोण बरोबर होतं यावर दोन्ही संघांचे लोक पुढे शंभर वर्षं भांडले. मला फ्रान्सिस्कनांचा भाबडेपणा धोक्याचा वाटतो, पण तो रुग्णालयासकट होता हेही विसरता येत नाही.

सान फेलिपे आणि एक लांब पायपीट

ठिणगी पडली ती ऑक्टोबर १५९६ मध्ये. मनिलाहून मेक्सिकोतल्या आकापुल्कोला निघालेलं सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटाला लागलं. माल प्रचंड होता आणि तो जप्त झाला. या गडबडीत जहाजाच्या पायलटने बढाई मारली की आधी मिशनरी जातात आणि मागून स्पेनचं सैन्य येतं, असं सांगितलं जातं. हे बोलणं कोणी, कसं आणि कोणाच्या चिथावणीने हिदेयोशीच्या कानावर घातलं, यावरही दोन्ही संघांनी एकमेकांकडे बोटं दाखवली.

डिसेंबरात क्योटो आणि ओसाकामध्ये धरपकड झाली. चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना शहरांतून फिरवलं आणि ऐन थंडीत नागासाकीकडे चालवत नेलं. सुमारे महिनाभर ही पायपीट चालली. वाटेत त्यांची देखभाल करायला आलेल्या दोघांनाही पहारेकऱ्यांनी रांगेत ओढलं आणि आकडा सव्वीस झाला. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा जपानी सामान्य ख्रिस्ती. यांत स्वयंपाकी होते, सुतार होते, बारा-तेरा वर्षांची पोरंही होती.

फ्रान्सिस्कनांत चार स्पॅनिश. पाचवे फेलिपे दे हेसूस मेक्सिकोचे. ते त्याच फुटक्या जहाजावरून धर्मगुरुपदाची दीक्षा घ्यायला घरी निघाले होते. सहावे गोन्सालो.

त्या दिवशीच्या घटनेचं एक समकालीन वर्णन आजही ६ फेब्रुवारीच्या प्रार्थनापुस्तकात वाचायला ठेवलेलं असतं. नावं पुढे-मागे कशी होतात, हे त्या वर्णनात स्पष्ट दिसतं. गोन्सालोंच्या वाट्याला त्यात एक ओळ आहे: ते मोठ्या आवाजात ‘आमच्या बापा’ आणि ‘नमो मरिये’ म्हणत होते. त्याच्या लगेच पुढे मिकी येतात, ‘आमचे बंधू पॉल मिकी’ म्हणून, आणि ओळींमागून ओळी त्यांच्या क्रुसावरच्या प्रवचनाला मिळतात. ‘आमचे’ या एका शब्दावरून लिहिणारा जेझुइट आहे हे कळतं. मिकींचं प्रवचन खरोखर विलक्षण होतं, त्यांच्या वाट्याचा मान कमी करायचं कारण नाही. पण लेखणी जेझुइटाच्या हातात होती आणि फ्रान्सिस्कन ब्रदरसाठी तिच्यात एका ओळीपुरतीच शाई निघाली.

दोन संघ, दोन आदेश

सप्टेंबर १६२७ मध्ये पोप अर्बन आठवे यांनी या हुतात्म्यांच्या सार्वजनिक भक्तीला परवानगी दिली. ती एकत्र दिली नाही. फ्रान्सिस्कन आणि त्यांच्याशी जोडलेले सामान्य लोक अशा तेवीस जणांसाठी एक आदेश, तीन जेझुइटांसाठी वेगळा. फ्रान्सिस्कन लोक ‘पेद्रो बाउतिस्ता आणि सोबती’ म्हणू लागले, जेझुइट ‘पॉल मिकी आणि सोबती’. एका टेकडीवरच्या सव्वीस जणांच्या दोन याद्या झाल्या, प्रत्येक यादीला आपापला पुढारी. गोन्सालो पहिल्या यादीत, तेही सोबती म्हणूनच.

१८६२ मध्ये संतपद मात्र एकत्र मिळालं. तो समारंभही निव्वळ भक्तीचा नव्हता. आदल्याच वर्षी इटलीचं राज्य जाहीर झालं होतं, पोपच्या ताब्यातला बहुतेक प्रदेश गेला होता आणि जगभरातले बिशप पेंटेकॉस्टच्या त्या रविवारी रोममध्ये जमले ते पोपला पाठिंबा दाखवण्यासाठीही. जपानमध्ये त्या घडीला ख्रिस्ती धर्मावर बंदीच होती. ती १८७३ पर्यंत राहिली. तरी परदेशी लोकांसाठी म्हणून नागासाकीत ओउरा चर्च उभं राहिलं. ते या सव्वीस जणांना वाहिलेलं आहे आणि मार्च १८६५ मध्ये त्याच चर्चमध्ये अडीचशे वर्षं लपून श्रद्धा जपलेल्या जपानी ख्रिस्ती लोकांनी येऊन तिथल्या फ्रेंच धर्मगुरूला आपली ओळख सांगितली.

मेक्सिकोने काय केलं

इथे तुलनेला सर्वांत योग्य माणूस म्हणजे फेलिपे दे हेसूस. तेही फ्रान्सिस्कन, तेही धर्मगुरू नसलेले, तेही वसाहतीत जन्मलेले आणि रोमच्या यादीत तेही सोबतीच. पण मेक्सिकोत त्यांचा सण ५ फेब्रुवारीला, त्यांच्या स्वतःच्या नावाने होतो. आगाथा तिथे आड आल्या नाहीत, कारण देशाला आपल्या दिनदर्शिकेत असा बदल मागून घेता येतो. १६२७ नंतर थोड्याच काळात मेक्सिको शहराने त्यांना आपलं रक्षक मानलं. दंतकथाही जमली. लहानपणी ते इतके वांड होते की घरातली दासी म्हणायची, ‘हा पोरगा संत होईल? अंगणातल्या वठलेल्या अंजिराला पालवी फुटेल तेव्हा!’ आणि ते मेले त्या दिवशी अंजीर हिरवं झालं. गोष्ट खरी की खोटी हा मुद्दा नाही. अशी गोष्ट सांगणारं, ती चारशे वर्षं मुलांच्या कानांवर घालणारं शहर फेलिपेंच्या मागे होतं.

जपाननेही तेच केलं आणि सव्वीस जणांचा सण पाचलाच ठेवला. १९६२ मध्ये, संतपदाच्या शताब्दीला, निशिझाकावर स्मारक आणि संग्रहालय झालं. शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी केलेल्या ब्राँझच्या सव्वीस आकृती तिथे एका रांगेत आहेत, गोन्सालोंसकट. पोप जॉन पॉल दुसरे १९८१ मध्ये आणि पोप फ्रान्सिस २०१९ मध्ये तिथे जाऊन आले.

मग वसईचं काय झालं? मिकींच्या मागे जेझुइट होते आणि जपान होता. बाउतिस्तांच्या मागे फ्रान्सिस्कन आणि फिलिपिन्स, फेलिपेंच्या मागे मेक्सिको. गोन्सालोंच्या मागे ज्यांनी उभं राहायचं ती वसई मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. त्या विजयाबद्दल मराठी माणूस म्हणून अभिमान असणं वेगळं. पण किल्ल्यातले मठ, शाळा आणि धर्मसंघ त्या वर्षी उठले. संताचं नाव पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेणारी यंत्रणा ती हीच असते. कागद लिहिणारे, रोमला अर्ज करणारे, दरवर्षी वेदी सजवणारे लोक. गावोगावची श्रद्धा टिकली, पण ती यंत्रणा गेली. १८६२ ला संतपद जाहीर झालं तेव्हाही मुंबई-वसईकडचे कॅथलिक पद्रोआदो (पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालची चर्चव्यवस्था) आणि प्रोपगंडा (थेट रोमच्या हाताखालची) यांच्या अधिकारवादात विभागलेले होते. माझ्या मते गोन्सालो मागे पडले ते याच कारणाने. त्यांचं मिश्र रक्त किंवा ब्रदर असणं आड आलं असं म्हणावं, तर फेलिपेही धर्मगुरू नव्हते आणि वसाहतीतलेच होते.

२००८ सालचा घोळ

या सगळ्याचा कळस एकाच वर्षात पाहायला मिळाला. २००८ मध्ये ईस्टर फार लवकर आला, २३ मार्चला. त्यामुळे राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, नेमका ६ फेब्रुवारीला पडला. या दिवसापुढे कोणत्याही संताचा स्मरणदिन टिकत नाही. त्या वर्षी पॉल मिकी आणि सोबती दिनदर्शिकेतून गळाले.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना संतपद मिळालं आणि वर्तमानपत्रांनी मथळे दिले ‘भारताच्या पहिल्या संत’. वसईतून लगेच आठवण करून दिली गेली की १८६२ ला एक झालेले आहेत. त्यावर उत्तर आलं की गोन्सालोंचे वडील पोर्तुगीज, म्हणून ते पूर्ण भारतीय नाहीत. हा युक्तिवाद मला विचित्र वाटतो. त्यांची आई इथली, जन्म इथला, शाळा इथली. शिवाय जपानी नोंदींत किंवा रोमच्या कागदांत त्यांना वसईपासून कोणी तोडलेलं नाही. अल्फोन्सा भारतातल्या पहिल्या स्त्री संत आहेत, एवढं म्हटलं असतं तर कोणाचाच मान कमी झाला नसता.

आता नियम काय म्हणतो

रोमच्या हुतात्मावलीत, म्हणजे संतांच्या अधिकृत यादीत, ६ फेब्रुवारीला सव्वीसही नावं एकेक करून दिलेली आहेत, म्हणजे गोन्सालो कागदावरून पुसले गेलेले नाहीत. भारताच्या दिनदर्शिकेतही त्या दिवशी त्यांचं नाव घेतलं जातं. पाच तारीख मात्र कोणी मागितली नाही. आदल्याच दिवशी, ४ फेब्रुवारीला, तमिळ प्रदेशात मारले गेलेले जॉन दे ब्रिटो आहेत. पाचला आगाथा, सहाला गोन्सालो, अशी ही ओळ बसून गेली आहे. ती हलवावी असं मलाही वाटत नाही. दिवसापेक्षा नावाचा आग्रह धरावा.

त्या आग्रहाला वसईत आधार आहे. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. गोन्सालो गार्सियांच्या नावाने वसईत महाविद्यालय आहे. किल्ल्यातल्या जेझुइटांच्या जुन्या चर्चला लोक आज गोन्सालो गार्सिया चर्च म्हणून ओळखतात. ज्या संघाने त्यांना घेतलं नाही, त्याच संघाच्या चर्चला लोकांनी त्यांचं नाव देऊन टाकलं. त्यासाठी कोणत्या आदेशाची वाट पाहिली गेली नाही.

आणि गास गावात त्यांच्या नावाचं धर्मग्राम (पॅरिश) आहे. उपासनेच्या नियमांत याला फार वजन आहे. इतर चर्चमध्ये ६ फेब्रुवारी हा फक्त स्मरणदिन आहे, तो रविवारी आला की त्या वर्षापुरता सुटतो. २०२२ ला तसंच झालं. पण ज्या चर्चला ज्या संताचं नाव, तिथे त्याचा दिवस सोहळ्याच्या दर्जाचा असतो. सोहळा साधारण काळातल्या, म्हणजे नाताळ, उपवासकाळ, ईस्टर अशा खास काळांबाहेरच्या, रविवारालाही मागे सारतो, आणि आडवारी आला तर लोकांच्या सोयीसाठी रविवारी करण्याचीही मुभा असते. विरार लोकलने मुंबईला कामाला जाणाऱ्या गावाला ही मुभा किती महत्त्वाची, हे वसईकराला वेगळं सांगायला नको. २०२८ मध्ये ६ फेब्रुवारी पुन्हा रविवारी येते. त्या दिवशी रोमपासून वांद्र्यापर्यंत साधारण काळातल्या पाचव्या रविवारची मिस्सा होईल आणि पॉल मिकींचंही नाव निघणार नाही. गासला मात्र नियमानेच त्या रविवारी मिस्सा होईल ती संत गोन्सालो गार्सिया यांची.